बघा जरा

काकांनी मापाची फीत बाईंच्या कपाळावरून मागे नेली आणि मानेच्या खळीशी दाबून धरली. बाईंच्या डोक्यावर पातळ सुती टोपी होती. ही टोपी काका प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी घालायला देत आणि ती घालून होईपर्यंत पडद्याबाहेर उभे राहत. आत आल्यावरही त्यांचे डोळे फितीवरच्या आकड्यांवर असत, डोक्याकडे ते बघत नसत. चाळीस वर्षं डोक्यांवर पोट भरलं, पण एक डोकं काही धड बघितलं नाही या माणसानं, असं त्यांची बायको त्यांना चिडवायची. काकांची बायको म्हणून सगळी गिऱ्हाइकं तिला काकू म्हणत.

“चौदाला थोडं कमी,” असं पुटपुटत काकांनी वहीत आकडा टिपला.

बाई शाळेत गणित शिकवायच्या. वर्षभरापासून त्यांचे केस चकत्याचकत्यांनी जात होते, आणि वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहायची त्यांनी धास्ती घेतली होती. दोनदा फोनवर वेळ ठरवूनही त्या आल्या नव्हत्या. आज आल्या, त्याही पुढच्या दारानं आणि भर सकाळी. काकांना याचं जरा नवलच वाटलं होतं.

“काका, रागावणार नसाल तर एक बोलू?”

“बोला की.”

“काकूंचा फोटो पाहिला मी. दोन-तीनदा पाहिला. खरं सांगू, तो पाहिला म्हणूनच आज इथे यायचं धाडस झालं.”

काकांच्या बोटांतून फीत सुटली आणि बाईंच्या खांद्यावरून खाली लोंबली.

“कुठला फोटो?”

“तो हो, डोक्यावर काही न घेतलेला. तुमच्या मुलीनंच टाकलाय ना? माझ्या बहिणीला कोणीतरी पाठवला, तिनं मला.” बोलता बोलता बाईंनी पिशवीतून फोन काढला, पडद्यावर दोन-चारदा बोट सरकवलं आणि तो काकांच्या तोंडासमोर धरला. “हा बघा.”

काकांना खिडकीतला उजेड दिसला आणि त्या उजेडात एक उघडं डोकं. चुकून कोणाच्या न्हाणीघराचं दार उघडलं गेल्यावर माणूस फिरवतो तशी त्यांनी झटकन मान फिरवली. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी ते भिंतीकडेच बघत राहिले.

“ठेवा तो आत,” ते म्हणाले.

“माझं काही चुकलं का?”

“नाही बाई, तुमचं काय चुकायचंय? बसा. कानापासून कानापर्यंतचं राहिलंय.”

ते माप त्यांना तीनदा घ्यावं लागलं, आणि तिन्ही वेळा आकडा निराळा आला. शेवटी त्यांनी मधला आकडा लिहिला आणि वही मिटली. बाईंना त्यांनी सवयीनं मागचं दार दाखवलं, पण बाई म्हणाल्या, “नको, पुढूनच जाते.” त्या गेल्या, आणि काकांनी दुपारच्या दोन गिऱ्हाइकांना फोन करून आज येऊ नका म्हणून सांगितलं. काकू गेल्या त्याला तेव्हा सव्वादोन महिने झाले होते.

काकांचा धंदा केसांचे टोप करण्याचा. लोक त्याला विग म्हणत, काका टोप म्हणत. दुकान राहत्या घराला लागूनच होतं, आणि त्याला पाटी नव्हती. पुढच्या खिडकीत कंगवे, ब्रश आणि हातआरसे मांडून ठेवलेले असत. आत शिरताना कोणी ओळखीचं भेटलंच, तर कंगवा घ्यायला आलोय असं गिऱ्हाइकाला सांगता यावं, एवढ्याचसाठी ती मांडामांड होती. शहरातल्या काही घरांत त्यामुळे दहा-दहा कंगवे साठले होते, आणि विंचरायला काही नव्हतं. मागचं दार बोळात उघडायचं. वहीत नावं नसत, नंबर असत. रस्त्यात गिऱ्हाईक समोर आलं तर काका आपणहून ओळख दाखवत नसत, आणि गिऱ्हाईकही त्यांना ओळखत नसे. एकदा एका लग्नात एक नावाजलेला गवई त्यांच्या शेजारीच जेवायला बसला. समोरच्या बायका त्याच्या कुरळ्या केसांचं कौतुक करत होत्या. त्यातला केस न् केस काकांनी जाळीत गाठवलेला. गवयानं काकांकडे वळून अदबीनं विचारलं, “आपण काय करता?” काका म्हणाले, “कंगवे विकतो.” घरी आल्यावर हे ऐकून काकूंची हसता हसता पुरेवाट झाली होती.

हातात फोन आल्यावरही काकांनी आपली रीत मोडली नाही. लोक फोटो पाठवू लागले, विग घातलेले, न घातलेले, इथे विरळ झालंय का बघा, तिथे टक्कल पडलंय का बघा. काका प्रत्येकाला सांगत, फोटो नका पाठवू, फोन करा नाहीतर स्वतः या. तरी पाठवणारे पाठवतच. कोणाचं डोकं आपल्या खिशात घेऊन फिरणं काकांना मुळीच पटत नव्हतं. मग त्यांच्या लेकीनं त्यांना एक युक्ती शिकवली. आधी सगळ्या मेसेजवर एकदमच ‘वाचले’ अशी खूण करायची, मग सगळं एकदमच पुसायचं. दर शनिवारी दुकान बंद करताना काका हे दोन्ही करत. कोणाचं काय आलंय ते उघडून बघत नसत. पुसून झालं की त्यांना हात धुतल्यासारखं स्वच्छ वाटायचं.

आणि मग काकूंचा आजार निघाला. औषधं सुरू झाली की तिसऱ्या आठवड्यात केस जातील, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर काकूंनी दुकानातली मोठी कात्री घेतली, आपली वेणी स्वतःच्या हातानं कापली आणि काकांच्या टेबलावर ठेवली.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “तुमच्या कामाची आहे.”

त्या वेणीचाच टोप काकांनी केला. बावीस दिवस लागले. दुकानात चिटपाखरू नव्हतं तरी माप घेताना त्यांनी पडदा ओढला, काकूंना सुती टोपी दिली आणि वहीत त्यांचाही नंबर घातला. घरच्या माणसाला निराळा न्याय नको. पुढे केस गेले, तेव्हापासून काका आपल्याच झोपायच्या खोलीच्या दारावर टकटक करू लागले. आतून ‘या’ असं आल्याशिवाय ते पाऊल टाकत नसत. न बघणं म्हणजे मान राखणं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. काकूंवर तर त्यांचा जीव होता, म्हणून काकूंकडे त्यांनी सगळ्यांत कमी बघितलं.

सुरुवातीला काकू घरात टोप काढून ठेवायच्या आणि रुमाल बांधायच्या. महिन्याभरानंतर मात्र त्या तो काढेनाशाच झाल्या. झोपतानाही नाही, हॉस्पिटलातही नाही. भेटायला येणाऱ्यांना काका मोठ्या कौतुकानं सांगत, “असा बसलाय की अंगचाच वाटतो. काढतच नाही ती.” काकू उशीवरून हसायच्या.

लेकीच्या घरी जायला दोन बस बदलाव्या लागत. काका खिडकीपाशी बसले. बसमध्ये निम्मी माणसं फोनमध्ये मान घालून होती, अंगठ्यानं एकेक चेहरा वर ढकलत होती. पुढच्या बाकावरच्या मुलीनं मैत्रिणीला काहीतरी दाखवलं आणि दोघी चुकचुकल्या. ते काय होतं ते काकांना दिसलं नाही. पण यांतल्या कोणाच्याही हातात आत्ता आपली बायको असू शकेल, उघड्या डोक्यानं, हा विचार एकदा आला तो जाईचना. त्यांनी खिशातून रुमाल काढला, उगाच घडी मोडली आणि परत घातली. काकू जिवंत असताना त्यांना एवढं असहाय कधी वाटलं नव्हतं.

लेकीला ते ठकी म्हणत. लहानपणी ती दुकानातल्या लाकडी डोक्यांशी बाहुल्यांसारखी खेळायची, त्यावरून पडलेलं नाव. आता ती एका विमा कंपनीचं काम घरून करायची. कानाला यंत्र लावून दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि सगळ्यांना ‘मी समजू शकते’ म्हणायचं, असं ते काम. दार उघडलं तेव्हा कानावरचं यंत्र तिच्या गळ्यात तसंच होतं.

“बाबा? आधी फोन तरी करायचा. जेवलात का?”

“तो फोटो काढ.”

कुठला, असं तिनं विचारलं नाही. गळ्यातलं यंत्र उतरवून तिनं टेबलावर ठेवलं.

“आधी बसा तरी.”

“बसायला नाही आलो. चाळीस वर्षं मी परक्या माणसांची डोकी झाकली, ठके. आणि माझ्या घरातलं तू चव्हाट्यावर मांडलंस.”

“चव्हाट्यावर नाही. मी फक्त माझ्या ओळखीच्यांसाठी टाकला होता. तशी सोय असते.”

“शाळेतल्या गणिताच्या बाई तुझ्या ओळखीच्या?”

“कोण गणिताच्या बाई?”

“तेच म्हणतोय मी.”

लेक म्हणाली, “कोणीतरी पुढे पाठवला असणार. ते माझ्या हातात नसतं.”

“जे हातात राहणार नाही ते हातातून सोडायचं कशाला?”

“अहो, लोकांनी लिहिलंय काय ते तरी वाचा. चारशेच्या वर माणसं आहेत. एकानंसुद्धा वाईट लिहिलेलं नाही. एक बाई म्हणते, तुमच्या आईला बघून मी आज पहिल्यांदा रुमाल न बांधता बाजारात गेले.” तिचा आवाज चढला. “दोन महिने मला झोप नव्हती, बाबा. हे वाचते तेव्हा कुठे डोळा लागतो. तुमच्याशी बोलावं तर तुम्ही आईचं नावही काढत नाही. तुमच्या घरात डोक्याबद्दल कधी कोणी बोललंय का? आईचासुद्धा तुमच्या वहीत नंबर होता.”

काका खुर्चीवर बसले. बसायला नाही आलो म्हणाले होते हे ते विसरूनच गेले.

“तिला आवडलं असतं का हे?” त्यांनी विचारलं.

“मला नाही माहीत.” लेक ओट्याला टेकून उभी होती. “पण ती कोणाला दाखवायला तयार होती, ते मला माहीत आहे. तो फोटो मी नाही काढलेला. आईनं स्वतःच काढलाय. आणि माझ्याकडे पाठवलेलाही नाही. एकाच माणसाला पाठवला होता तिनं. तुम्हाला.”

“मला?”

“आता नाही म्हणू नका, बाबा. निदान नाही तरी म्हणू नका.”

ती आतल्या खोलीत गेली आणि काकूंचा फोन घेऊन आली. काकूंच्या मागे तो तिनंच ठेवून घेतला होता, रोज चार्जही करत होती. तिनं तो टेबलावर काकांसमोर सरकवला. सबंध पडद्यावर एकच मेसेज होता. वर फोटो. काकांनी त्यावर हात आडवा धरला आणि खालचं तेवढं वाचलं. ‘बघा जरा,’ असं होतं. त्याच्यापुढे दोन निळ्या खुणा, आणि त्याच्यावर तारीख, काकू जाण्याच्या सहा महिने आधीची.

“तुम्ही बघितलात,” लेक म्हणाली. “खुणा आहेत. दुसऱ्या दिवशी आई मला फोनवर म्हणाली, त्यांना एक फोटो पाठवला होता. पाहिला त्यांनी. काही बोलले नाहीत. कसला फोटो म्हणून विचारलं तर म्हणाली, जाऊ दे. एवढंच, जाऊ दे. ती गेल्यावर फोन उघडला तेव्हा कळलं मला. म्हणून टाकला मी. तुम्हाला बघवलं नाही ना, मग जगाला बघू दे म्हटलं. रागानं टाकला. तिच्या आठवणीसाठी वगैरे काही नाही.” आणि ती रडायला लागली.

काका तारखेकडे बघत होते. बोटांवर ते मागे मोजत गेले, आणि शनिवारावर येऊन थांबले.

तो शनिवार त्यांना आठवला, कारण त्या दिवशी संध्याकाळी काकूंनी एक प्रश्न विचारला होता. दुकान बंद करून ते खोलीच्या दारावर टकटक करून आत गेले. काकू रुमाल बांधून पलंगावर बसल्या होत्या.

“अहो, आज फोन बघितलात का?”

“बघितला की. सगळं पुसून टाकलं,” दर शनिवारी सांगत तसंच ते म्हणाले होते.

“बरं,” काकू म्हणाल्या होत्या. थोड्या वेळानं उठून त्यांनी आरशाजवळचा टोप घेतला, रुमालाच्या जागी घातला आणि चहा टाकायला गेल्या होत्या.

“शनिवार होता,” काका म्हणाले.

“मग?”

“शनिवारी मी पुसतो ना. तूच शिकवलंस. आधी खूण करायची, मग पुसायचं. कोणाचं काय आलंय ते मी बघत नाही.” ते एकेक शब्द सावकाश बोलत होते. “ती आतल्याच खोलीत होती गं. हाक मारली असती तर ऐकू आली असती. ती मला मेसेज करेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.”

लेकीचं रडणं थांबलं.

“म्हणजे तुम्ही हा फोटो बघितलाच नाही?”

“नाही.”

“आणि आज? तुम्ही तर बघूनच आलात ना भांडायला?”

“बाईंनी समोर धरला होता. मी मान फिरवली.”

ती बापाकडे बघत राहिली. दोन महिने ज्या रागाच्या आधारानं ती उभी होती, तो राग धरायला आता जागा उरली नव्हती. तिला एकाएकी फार थकल्यासारखं झालं. आईनं एका माणसासाठी काढलेला फोटो आपण त्या माणसाला शिक्षा म्हणून चारशे जणांना दाखवला, आणि ती शिक्षाही भलत्याच गुन्ह्याची, हे तिला कळलं. कळलं तरी करण्यासारखं एकच उरलं होतं. तिनं आपला फोन उचलला.

“काढते,” ती म्हणाली. “पण एकदा काढला की खालचं सगळं जातं. लोकांनी लिहिलेलं सगळं.”

तिच्या झोपेचा प्रश्न होता, आणि तिच्यासाठी तो त्यांना सोडवता येणार नव्हता.

तिनं शेवटची काही वाक्यं वाचून घेतली. काही मनात, काही मोठ्यानं. ‘काय तेज आहे चेहऱ्यावर.’ ‘किती ऐटीत बसल्यात बघा, कानाशी बोट धरून, नटीच जशी.’ ‘असं हसता यायला हवं.’ वाचता वाचता तिनं नाक पुसलं. मग एकदा दाबलं, खात्री आहे का असं फोननं विचारल्यावर पुन्हा दाबलं.

“गेला,” ती म्हणाली. “ज्यांनी घेऊन ठेवला असेल त्यांच्याकडचा मात्र नाही जायचा.”

“हं.”

बाहेर कोणीतरी जिन्यात सायकल चढवत होतं. चाक पायऱ्यांवर आपटल्याचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला आणि थांबला. काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग काकूंच्या फोनवरचा आपला हात बाजूला घेतला.

“मोठा कसा करायचा हा?”

लेक खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसली. दोन बोटं ठेवून ती कशी फाकवायची ते तिनं दाखवलं. बापानं घाई करू नये म्हणून असेल, पण ती स्वतः फोटोकडे न बघता खिडकीकडे बघत बसली.

काकू झोपायच्या खोलीत, खिडकीशी बसल्या होत्या. डोकं काकांना वाटलं होतं त्याहून लहान निघालं, आणि गोल, नीटस. कानाच्या बरंच वर एक तीळ होता. इतक्या वर्षांत, इतके दाट केस विंचरताना बघूनही, तो कधी कळला नव्हता. काकांना वाटलं, एवढं साधं होतं हे. एवढ्यासाठी आपण दारावर टकटक करत राहिलो. त्यांनी मनातल्या मनात काकूंची क्षमा मागितली आणि मग धीर करून त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. काकू सरळ त्यांच्याकडेच बघत होत्या, मान एका बाजूला वळवून, थोड्या अवघडलेल्या. ओठ जरा विलग होते. एका हातात फोन असणार. दुसऱ्या हाताचं बोट कानाशी होतं, आणि त्या बोटानं त्यांनी कान पुढे दुमडून धरला होता.

असं ऐटीत बसणं काकूंच्या स्वभावात नव्हतं. काकांची नजर त्या बोटावर थांबली. त्यांनी आपली दोन बोटं तिथे ठेवली आणि फाकवली. मग पुन्हा फाकवली.

कानाच्या मागे, जाळीची कड जिथे येते नेमकी तिथे, एक लाल वळ होता. मध्ये कातडी सोलवटून ओली झालेली. तसाच एक फिका वळ वर, कानशिलाच्या बाजूला.

औषधांनी डोक्याला सूज येते. बसवताना चोख बसलेला टोप महिन्याभरात आवळू लागतो, आणि आत बसलेला घाम त्यात भर घालतो. हे काका प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगत आणि महिन्यानं परत बोलावत. वहीत प्रत्येक नंबरापुढे त्या दुसऱ्या भेटीची तारीख असे, आणि कोणी विसरलंच तर काका स्वतः फोन करत. काकूंच्या नंबरापुढे त्यांनी तारीख लिहिली नव्हती. ती काय, घरातच तर होती.

“बाबा?” लेकीनं खिडकीवरून नजर काढली. “काय झालं? काय बघताय?”

“आवळत होता,” काका म्हणाले.

“काय?”

“टोप. हे बघ, इथे. ती दाखवत होती मला.”

लेकीनं फोन जवळ ओढला. आधी तिला काही दिसलं नाही, मग दिसलं. तिनं हात तोंडावर धरला. आई उशीवरून हसायची ते, शेवटच्या दिवसांत नर्सनं टोप काढायचं म्हटलं की दोन्ही हातांनी धरून ठेवायची ते, सगळं एकेक करून तिच्या चेहऱ्यावरून गेलं. काकांच्याही गेलं असेल, पण ते फोटोकडे बघत होते आणि त्यांनी आता मान फिरवली नाही.

तिनं विचारलं, “काय करावं लागलं असतं?”

“दोन टाके उसवायचे,” काका म्हणाले. “फार तर तीन.”